फ्लेक्सवर दर लिहा

गावात फायबर येण्याआधी त्याचा फ्लेक्स येतो. एसटी थांब्याच्या कोपऱ्यावर दोन वासे रोवून तो ताणलेला असतो. वर नेत्यांचे चेहरे, ज्याच्या त्याच्या पदाप्रमाणे लहानमोठे. मधोमध 'हायस्पीड इंटरनेट सेवेचा भव्य शुभारंभ', खाली तारीख, वेळ, 'शुभहस्ते' आणि 'प्रमुख उपस्थिती'. तळाला शुभेच्छुकांची रांग. शाळेत मागच्या बाकावरून कधी पुढं न आलेला एखादा त्या रांगेत गॉगल लावून 'युवा उद्योजक' झालेला असतो. साताऱ्यातल्या खटाव-माणपासून सांगलीतल्या तासगाव-कवठेमहांकाळपर्यंत जाता-येता हे फ्लेक्स वाचायची मला खोड आहे. त्यावर महिन्याचा दर लिहिलेला क्वचित सापडतो. स्पीड असतो, पण '100 एमबीपीएस पर्यंत' असा, आणि त्यातला 'पर्यंत' मुंगीच्या पावलाएवढा. बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर नसतो. शुभेच्छुकांचे नंबर मात्र असतात.

गावात ब्रॉडबँड आल्याची प्रसिद्धी जोरात व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती कराराची व्हावी. दर किती, स्पीड किती, लाईन तुटली तर कुणी आणि किती वेळात जोडायची, हे गावासमोर लेखी मांडलं की प्रसिद्धी झाली. बाकीचा खर्च मंडपवाल्याचा धंदा व्हावा म्हणून केला तरी चालेल, फक्त त्याला गावाचा विकास म्हणू नये.

प्रसिद्धीची गरजच काय, असंही काही जण विचारतात. चांगली सेवा आपोआप खपते म्हणे. फायबरच्या बाबतीत हे खरं नाही. खणून, वायर टाकून, यंत्रं बसवून खर्च आधी होऊन बसलेला असतो आणि पैसे घराघरातून महिन्याला थोडे थोडे परत यायचे असतात. पुरेशी घरं जोडली गेली नाहीत तर लाईन सांभाळणाऱ्याला परवडत नाही. मग तो दुरुस्तीला यायचं टाळतो, मग होती ती घरंही सोडतात. हे चक्र एकदा उलटं फिरलं की त्या गावात पुन्हा कुणी वायर टाकायला धजत नाही. म्हणजे सुरुवातीला लोकांना समजावून सांगणं हे कामाचाच भाग आहे, खणण्याइतकंच.

मात्र लोकांचे कान आता किटलेत. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. 2015 मध्ये त्याचं भारतनेट झालं. डिसेंबर 2017 मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडं पुढच्या टप्प्याचं काम राज्यानं महानेट या नावानं हाती घेतलं. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की, हजार दिवसांत सहा लाखांहून अधिक गावं फायबरनं जोडू. ते हजार दिवस मे 2023 मध्ये भरले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. या काळात एकेका गावात 'गाव ऑनलाइन झालं' ही बातमी किती वेळा साजरी झाली असेल! पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ते पेढा घेतात आणि घरी जातात.

या सगळ्यात 'आलं' म्हणजे नेमकं कुठपर्यंत आलं, हे कुणी फोडून सांगत नाही. सरकारी हिशेबात फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोचलं की गाव जोडलं गेलं. कार्यालयात फायबर ज्याला जोडतात तो पांढरा डबा दप्तराच्या कपाटावर ठेवलेला असतो, वर धुळीचा थर, आणि ज्या बोर्डात त्याचा प्लग असायला हवा तिथं कुणाच्या तरी मोबाईलचा चार्जर. डबा चालू असला तरी तिथून वस्तीवरच्या घरापर्यंत जायचं काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे आणि ते करणारा माणूसही वेगळा. सुरुवातीच्या टप्प्यात तालुक्यापासून गावांकडं जाणारी लाईन बरीचशी एकामागं एक अशी ओढलेली होती. मधे कुठं तुटली की पुढची सगळी गावं गप्प. सुधारित कार्यक्रमात वलयासारखी जोडणी ठरली आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालू राहावं. आपलं गाव यातल्या कोणत्या लाईनवर आहे, हा प्रश्न उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला विचारून बघा. पाहुणे सत्काराचा नारळ घेऊन गाडीकडं निघतील.

बरं, या फ्लेक्सला गाव जे उत्तर देतं ते एका वाक्याचं असतं. "मोबाईलवर चालतंय की, आणि वायर कशाला?" सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून हा प्रश्न रास्त आहे. यूट्यूब, व्हॉट्सअॅप, सातबारा, पीएम-किसानचा हप्ता, सगळं फोनवर होतं. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून ऑनलाइन निघतो, आता पंधरा रुपयांत, त्याला फायबर लागत नाही. फ्लेक्सवर 'शेतकऱ्यांसाठी वरदान' असं छापून खाली ई-पीक पाहणीचं नाव घालणाऱ्यांनी तर एकदा शेतात जाऊन यावं. पिकाचा फोटो बांधावर उभं राहूनच काढावा लागतो. घरातली वायर तिथं काय कामाची? फार तर माहिती घरी येऊन पुढं पाठवता येईल.

म्हणून प्रसिद्धी करणाऱ्यानं आधी हा प्रश्न घ्यायला हवा, आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं. घरात चार फोन आहेत असं धरू. प्रत्येकाला अठ्ठावीस दिवसांचा साधारण तीनशेचा रिचार्ज, म्हणजे बाराशे. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे रिचार्ज बारा होत नाहीत, तेरा होतात. हे घरातल्या कर्त्या माणसाला नीट ठाऊक असतं, फक्त त्यानं बेरीज केलेली नसते. फायबरचं कनेक्शन 499 चं असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 589 पडतात. बोलण्यापुरता छोटा रिचार्ज चारही फोनवर ठेवावाच लागतो, कारण माणूस घराबाहेर पडला की वायफाय मागं राहतं. हा छोटा रिचार्ज न धरता 'महिन्याला सातशे वाचवा' म्हणणारा दुसऱ्या महिन्यात खोटा पडतो. धरून सांगितलं तर बचत कमी दिसते, पण ती खरी असते. ज्या घरात दोनच फोन आहेत आणि त्यातला एक आजोबांचा बटणाचा आहे, त्यांना फायबर परवडत नाही. तेही सांगावं. विकायला आलेल्या माणसानं 'तात्या, तुम्हाला नको हे' असं एका घरात म्हटलं, तर उरलेल्या गल्लीचा त्याच्यावर विश्वास बसतो.

खरा फरक दुसरीकडं आहे. जाड दगडी भिंतींच्या घरात आत गेलं की रेंज जाते. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर असतं तेव्हा मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो. बेदाण्याचा नमुना व्यापाऱ्याला दाखवायचा तर व्हिडिओ वर चढवायला लागतो, आणि मोबाईल नेटवर्क उतरवायला बरं असतं, चढवायला रडतं. शेडवर कॅमेरा लावायचा असेल तर तो दिवसभर चित्र पाठवत राहतो, त्याला दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक पुरत नाही. पुण्यातला मुलगा यात्रेला चार दिवस येऊन घरूनच काम करतो म्हणाला तर त्याला मीटिंगमध्ये तुटून चालत नाही. हे सगळं ज्याच्या घरी घडतं त्याला फायबर हवं. 'डिजिटल क्रांती' या शब्दांनी त्याला काहीच कळत नाही.

पाटण, जावळी आणि महाबळेश्वरच्या पट्ट्यात गोष्ट उलटी आहे. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात 'मोबाईलवर चालतंय की' म्हणायची सोय नाही, रेंज असेल तिथं जाऊन उभं राहायचं. लॉकडाऊनमध्ये अशा गावांतली पोरं दप्तर घेऊन डोंगराच्या सोंडेवर बसली होती. तिथं इंटरनेट विकत घ्या म्हणून कुणाला पटवावं लागत नाही. तिथला अडथळा पाऊस आणि वीज. आषाढात लाईट गेली की ती कधी येईल सांगता येत नाही, आणि घरातला डबा विजेवर चालतो. अशा गावात जो 'चोवीस तास अखंड सेवा' असा बोर्ड लावतो त्याला स्वतःला तरी हसू येत असेल. तिथल्या पत्रकावर पहिली ओळ बॅटरीची हवी. डब्याला छोटा बॅकअप कितीला मिळतो, तो किती तास टिकतो, आणि गावातल्या यंत्राला बॅकअप आहे की नाही. घरचा डबा पेटलेला आणि गावचा विझलेला असेल तर त्या बॅटरीचा उपयोग लाल दिवा बघण्यापुरता.

स्पीडबद्दल तर एवढं धुकं करून ठेवलंय की बोलायची सोय नाही. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, पुढं ते 512 झालं, आणि जानेवारी 2023 पासून दूरसंचार विभागाच्या व्याख्येत किमान 2 एमबीपीएस आहे. म्हणजे 100 चं आश्वासन आणि 2 ची व्याख्या, या दोन्हींच्या मधे कुठंही थांबलं तरी ते 'ब्रॉडबँड'च. शिवाय एमबीपीएस हे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. फाईल उतरताना फोनवर 12 दिसलं की पोरं केबलवाल्याच्या अंगावर जातात, आणि त्या वेळी तो बिचारा खरा असतो.

गावातल्या फायबरची मूळ लाईन बहुधा सुमारे अडीच गिगाबिटची असते आणि स्प्लिटरमधून ती 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. 64 घरं एकाच क्षणी ओढायला लागली तरी घरटी 39 एमबीपीएसच्या आसपास येतात, आणि सगळी एका क्षणी कधी ओढत नाहीत. त्यामुळं वाटून देणं ही फसवणूक नव्हे. पाणी मुरतं ते तालुक्याच्या बाजूला. सेवा देणाऱ्यानं वरून किती बँडविड्थ, म्हणजे एकूण वहनक्षमता, विकत घेतली आहे आणि ती किती गावांत पसरली आहे, यावर रात्रीचे आठ ते दहा ठरतात. त्या दोन तासांत मिळालेला स्पीड हाच त्या गावाचा स्पीड. शुभारंभ सकाळी अकराला होतो, लाईनवर तेव्हा एकटा पाहुण्याचा लॅपटॉप असतो आणि पडद्यावर 98 दिसतं. लोक बघतात आणि लक्षात ठेवतात. पंधरवड्यानं रात्री नऊला 6 दिसतं, तेही लक्षात राहतं. मी म्हणतो, उद्घाटन रात्री नऊला घ्या. पंचवीस-तीस घरं महिनाभर आधी जोडा, ती वापरात असू द्या, मग पाहुण्याला बोलवा आणि त्याच्यासमोर एखाद्या वहिनींच्या फोनवर स्पीड तपासा. जो आकडा येईल तो फळ्यावर लिहा. 40 आला तर 40.

आपल्याच भागात एका कारखान्यानं ही वाट शंभर वर्षांपूर्वी चालून दाखवली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. लोखंडी नांगर खपेना. लोखंडानं जमिनीला विष होतं अशी समजूत होती असं सांगतात. पुढं 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनात. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी हा तिचा उघड हेतू होता. जाहिरातच ती. पण वाचकाला काहीतरी कळेल, उपयोगी पडेल असं देत देत जाहिरात करायची, ही तिची रीत. म्हणून तर पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घराघरात गेलं. ज्या पलूस तालुक्यात हे घडलं तिथं आज इंटरनेटसारखी वस्तू विकायला आपल्याला चेहऱ्यांची रांग लागते. फ्लेक्सचं म्हणाल तर बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गाजलेली जनहित याचिकाही साताऱ्यातूनच गेली होती. सुस्वराज्य फाउंडेशनची ती याचिका 2011 ची, निकाल जानेवारी 2017 चा. निकालानंतर फलक किती कमी झाले, ते साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभं राहून ज्यानं त्यानं ठरवावं.

गाजावाजा अंगाशी कसा येतो याचं उदाहरण मेळघाटात आहे. अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल 2016 मध्ये राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी सोबत होती, टेलिमेडिसिन, शाळा, वायफाय, सगळं ठरलं होतं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच गावाचे व्हिडिओ सभांमधून दाखवले आणि जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर उभं केलं. भाजपनंही उत्तराचे व्हिडिओ दाखवले. कोण किती खरं यात मला इथं पडायचं नाही. माझा मुद्दा असा की त्या भांडणात हरिसालच्या बाया-बाप्यांना विचारावं, त्यांच्याकडं महिन्याला किती तास नेट चालतं ते मोजून ठेवावं, असं कुणाला वाटलं नाही. आकड्यांचा कागद गावच्या भिंतीवर लावलेला असता तर दोन्ही बाजूंचे व्हिडिओ फिके पडले असते. प्रसिद्धी चेहऱ्यावर उभी केली की ती पाडायलाही एक चेहरा पुरतो.

आता खबर पोचवायची कशी? यासाठी सांगली जिल्ह्यातल्याच एका गावाकडं बघा, आणि गंमत म्हणजे त्या गावाचं नाव झालं ते इंटरनेट बंद ठेवण्यासाठी. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावं. देशभर बातम्या झाल्या. बातम्यांमध्ये भोंगाच दिसला, पण निर्णय टिकायला कारण झालं ते आधीचं काम. आशाताई, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन बोलले होते. स्क्रीन बंद करायला पटवणं हे चालू करायला पटवण्यापेक्षा कितीतरी अवघड. त्या माणसांनी ते केलं. फायबरची माहिती द्यायला हीच माणसं हवीत. त्यांना घराघरातलं ठाऊक असतं, कुणाकडं परीक्षेची मुलगी आहे, कुणाचा जावई परगावी आहे, कुणाकडं महिन्याचे पाचशेही जड आहेत. अर्थात त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादायचं नाही. कनेक्शनमागं सेवा देणाऱ्यानं मानधन द्यावं आणि ते किती दिलं हेही त्याच कागदावर लिहावं.

बाकी जागा गावाला ठाऊकच आहेत. पहाटेची दूध डेअरी ही सगळ्यात चांगली, कारण तिथं प्रत्येक घरचं माणूस येतं आणि फॅटचा आकडा बघायला थांबतं. रेशन दुकान, सोसायटी, गिरणी. बचत गटाची बैठक तर चुकवूच नये. घरात फोन बापाचा किंवा पोराचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर बाहेर जातो. भिंतीवरचा डबा घरीच राहतो. म्हणजे फायबरचा जास्तीत जास्त फायदा ज्यांना व्हायचा त्या बाया आणि मुली, आणि शुभारंभाच्या खुर्च्यांवर पुरुष. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर न उरकता खरी घेतली आणि हा विषय पहिला ठेवला, तर पुढचा निम्मा प्रचार आपोआप होतो.

आणि एक ग्राहक गावात नसतोच. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची गलाई व्यवसायातली माणसं दिल्लीपासून कोइम्बतूरपर्यंत सोनं-चांदी गाळत बसली आहेत. पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी आहेत. म्हाताऱ्या आईचं तोंड रोज दिसावं म्हणून महिन्याचे सहाशे द्यायला हा मुलगा आनंदानं तयार होतो, पण त्याला कुणी विचारत नाही, कारण शुभारंभ साहेबांच्या तारखेनुसार ठरतो. यात्रेला तो गावात असतो. पालखी, कुस्त्यांचा आखाडा, तमाशा, या सगळ्यात देवळाच्या कडेला एक टेबल मांडा. तिथं बसलेल्या माणसाला दर, स्पीड आणि दुरुस्तीचं विचारता आलं पाहिजे आणि पैसे भरल्यावर तारखेची पावती मिळाली पाहिजे.

जत तालुक्याच्या पूर्वेला गेलात तर पत्रक कन्नडमध्ये हवं. संख, उमदीच्या बाजूला घरातली बोली कन्नड आहे. मराठी फ्लेक्स तिथं सरकारचा वाटतो, कन्नड पत्रक आपल्या माणसाचं वाटतं.

तुटण्याबद्दल आधी बोलायचं, हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा, आणि याच मुद्द्यावर केबलवाले माझ्याशी भांडतात. "साहेब, बंद पडतं असं सांगून कोण कनेक्शन घेतंय?" त्यांची अडचण खरी आहे. भारतनेटच्या उद्यमी योजनेत गावातला तरुण घरं जोडतो, ती सांभाळतो आणि महसुलातला अर्धा वाटा घेतो. एक घर कमी झालं की त्याच्या पोटाला चिमटा बसतो. पण फायबर तुटतं हे लपणार कसं? उसाच्या हंगामात वर रचलेल्या ट्रॉलीत खांबावरची वायर अडकते. पाचट पेटवलं की बांधावरची वायर वितळते. नळाच्या पाइपासाठी जेसीबी येतो आणि पहिल्या फाळाला फायबर उचलतो. आदल्या आठवड्यात शुभारंभाचा हार घातलेल्या पंचायतीनंच हा जेसीबी लावलेला असतो. खणण्याआधी कळवण्यासाठी केंद्रानं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप काढलं. ते किती जेसीबी चालकांच्या फोनमध्ये आहे? एका गावात जेसीबी दोन-चारच असतात. शुभारंभाला आमदारांच्या आधी त्या दोन-चार मालकांना बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, आणि वायर कुठून गेली आहे त्याचा नकाशा त्यांच्या हातात द्या. माझ्या मते त्या समारंभातला हा सर्वांत किमती सत्कार ठरेल.

लोकांनाही दोन गोष्टी दाखवून ठेवाव्यात. डब्यावर 'LOS' (लॉस) लिहिलेला लाल दिवा लागला तर फायबर बाहेर कुठं तरी तुटलंय, डबा शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, फोन करा. लाल दिवा नसेल आणि नेट नसेल तर आधी रिचार्ज बघा, मग डबा एकदा बंद करून चालू करा. एवढं कळलं तरी केबलवाल्याचे निम्मे फोन वाचतात, आणि ज्याचं खरंच तुटलंय त्याच्याकडं तो लवकर पोचतो. फ्लेक्स लावणारे दुसऱ्या दिवशी गावात नसतात. शिव्या त्यालाच खायच्या असतात. म्हणून खरं सांगण्यात सगळ्यात जास्त फायदा त्याचाच आहे, असं मी त्याला सांगत असतो. पटतं असं नाही, पण ऐकून घेतो.

त्याच पत्रकावर 1930 हा आकडा ठळक छापावा. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर लगेच फोन करायचा तो हा नंबर. घरात वेगवान नेट आलं की पीएम-किसानच्या नावानं, वाहनाच्या दंडाच्या नावानं आलेल्या, फोनमध्ये फसवं अॅप घुसवणाऱ्या एपीके फाईलीही तेवढ्याच वेगानं उतरतात. सेवा देणाऱ्याला हे छापायला आवडत नाही, धंद्याला अपशकुन वाटतो. पंचायतीनं त्याच्या परवानगीची वाट बघू नये.

हे सगळं गावासमोर मांडायला लावणारा कायदा माझ्या पाहण्यात नाही, आणि तो यावा असं मला वाटतही नाही. ग्रामसभा आहे. वर्षाला निदान चार घ्याव्याच लागतात. पंचायतीचा खांब, पंचायतीचा रस्ता, पंचायतीची खोली वापरायची असेल तर पंचायतीनं ही अट मांडावी: दर, रात्री नऊचा स्पीड, दुरुस्तीची मुदत आणि फोन नंबर कार्यालयाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहायचे, आणि मुदत चुकली तर तितक्या दिवसांचे पैसे पुढच्या बिलात वळते करायचे. आता 15 ऑगस्टच्या सभेत कुणीतरी उठून हा ठराव मांडायला हवा. सूचक सापडेल. अनुमोदक, बहुतेक, डेअरीवर सापडेल. ग्रामसेवकाला मात्र आधी सांगून ठेवा, नाही तर 'आयत्या वेळच्या विषयात घेऊ' म्हणून तो चहा मागवेल.